गंगूचा परिच्छेद

ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीचा वास आला की मला डोणगावबाहेरचं ते आंब्याचं झाड आठवतं. त्या साली प्लेगमुळे सगळं गाव शेतात झोपड्या घालून राहत होतं आणि शाळा झाडाखाली भरायची. नागपूरहून फर्मान आलं होतं की मुलांना वर्णनाचा परिच्छेद वेगळा आणि गोष्टीचा वेगळा लिहिता आला पाहिजे. फर्मानाला प्लेग होत नाही.

गुरुजी सांगत, "वर्णनात डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा. मनातलं गोष्टीत."

माझ्या शेजारी गंगू बसायची. तिचे वडील गाठ येऊन गावातल्या घरातच पडले होते आणि आई त्यांच्यापाशी राहिली होती. गंगू रोज एकच वर्णन लिही: 'रिकामं गाव, आणि फक्त आमच्या घरावर धूर.' धूर म्हणजे तिच्या आईनं चूल पेटवली.

आम्ही चिडवायचो, "काऊन वं, दुसरं काही दिसत नाही काय तुले?"

"दिसते. पण मले हेच पाह्यचं हाये."

एका सकाळी ती कोरी पाटी मांडीवर घेऊन गावाकडे बघत बसली.

"वर्णन कुठं आहे?" गुरुजींनी विचारलं.

"आज वर्णन नाही होत, गुरुजी. मी गोष्ट लिहू काय?"

नियमाचे पक्के गुरुजी गावाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लिही, बाळ."

तिनं लिहिलं, 'आज आईनं भाकरी केली.'

एवढ्याशा गोष्टीला कोण पास करणार, असं तेव्हा मला वाटलं. त्यानंतर पुष्कळ जाडजूड पुस्तकं वाचली. आता ती गोष्ट लहान वाटत नाही.