अर्ध्या स्वेटरची तुती

बस डेपोत, हरवल्या-सापडल्या सामानाच्या खोलीत बसून बसून त्यांचं खरं नाव मागे पडलं होतं. सगळे त्यांना सापडलेकाका म्हणत. वस्तू परत मिळाली की माणसं हरखून काहीबाही द्यायला बघत. काका हात मागे घेत. "मला काही नको. फारच वाटत असेल तर मागे एक झाड लावा."

मागे म्हणजे वर्कशॉपच्या पाठीमागे. इंजिनातलं काळं तेल वर्षानुवर्षं तिथेच ओतलेलं. गवतसुद्धा तिकडे फिरकत नव्हतं. काका काळी माती उपसून टाकायचे, पालापाचोळा नि चांगली माती भरायचे, मग रोप. पहिली अकरा मेली. "काका, इथे डिझेलच उगवणार," मेकॅनिक म्हणाले. बारावं तगलं आणि मेकॅनिकांची तोंडं बंद झाली.

झाडांना नावं वस्तूंचीच. छत्रीचं झाड, चष्म्याचं झाड. कवळी परत मिळालेल्या आजोबांनी तर मुद्दाम डाळिंब लावलं. जेवणाच्या सुट्टीत काका तिथे आडवे होत. बसगाड्यांची घरघर लांब लांब जाई, अंगावर उन्हाचे कवडसे हलत, आणि अर्धवट झोपेत त्यांना वाटे, हरवलेलं कुठेच जात नाही, सगळं इथे येऊन उगवतं.

सगळ्यात उंच होती ती स्वेटरची तुती. सुयांवरच अर्धा राहिलेला निळा स्वेटर एक माणूस घेऊन गेला होता, त्याने लावलेली. सामान देताना खूण विचारायची, असा नियम. पण त्या माणसाचे डोळे भरून आले होते, आणि काका विरघळले. विचारलंच नाही.

चार वर्षांनी एक बाई आली.

"निळा स्वेटर. सुयांसकट. आईने विणायला घेतला होता, ती गेली. उरलेला मी पुरा करणार होते. बस कुठली तेच आठवेना, म्हणून सगळे डेपो पालथे घातले. काठाला एकच टाका लाल आहे."

लाल टाका काकांना लख्ख आठवला. "नाही आला" म्हटलं की बाई जाणार होती, आणि तुती आपली उभी राहणार होती. काकांची जीभ तिथवर गेलीसुद्धा. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. तो माणूस कोण, कुठला, पत्ताही घेतला नव्हता.

बाईला तुती बघायची होती. ती बराच वेळ खोडाशी उभी राहिली.

"उपटून टाकू का?" काका म्हणाले.

"झाडाने काय घोडं मारलंय तुमचं?" ती तडकली आणि निघून गेली.

त्यानंतर काका खोलीतच डबा खाऊ लागले. मागे जायची छातीच होईना. पिकलेल्या तुती खाली पडत राहिल्या, पाखरांनी खाल्ल्या.

महिन्याभराने बाई पुन्हा खिडकीशी आली. हातातल्या पिशवीत वीतभर रोप.

"कशाबद्दल?" काकांना काही उमजेना. "मी तर तुमचं घालवलं."

"हो, घालवलंत. माफबिफ केलेलं नाही मी." तिने रोप पुढे सरकवलं. "पण तुम्ही 'नाही आला' म्हणाला असतात ना, तर मी अजून डेपो हिंडत असते. आता घरी बसते. आईसाठी रडते. आजवर रडलेच नव्हते."

काकांनी खिडकी बंद केली, कुदळ उचलली. खड्डा खणताना त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून माती बाईनेच उपसली.