स्कूटरने सायकलपर्यंत

वडिलांचा डावा पाय घोट्यापासून कापला, त्याच वर्षी डॉक्टरांनी माझ्या रक्तातलीही साखर पाहिली आणि म्हणाले, "व्यायाम करा, नाहीतर तुमचीही हीच गत." साखरेने बधिर झालेल्या वडिलांच्या पायात काटा रुतला होता आणि तीन दिवस त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ते आमच्याकडेच राहत. ड्रेसिंग बदलताना मला शिसारी यायची. मी तोंड फिरवायचो आणि नंतर दिवसभर मला स्वतःचीच किळस येत राहायची.

कॉलेजातली काळी सायकल नवीन पनवेलच्या आमच्या ब्लॉकच्या गॅलरीत बारा वर्षं गंजत पडली होती. ट्यूब बदलल्या, तेल घातलं आणि एका सकाळी निघालो. पहिल्या चौकातच धाप लागली. माझंच पोट माझ्याच गुडघ्यांवर आपटत होतं. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ स्कूटर हळू करून म्हणाले, "काय हो, स्कूटर विकली की काय? काही अडचण असेल तर संकोच करू नका."

चांगला पगारदार माणूस सायकलवर दिसला म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलं, असा आमच्या सेक्टरचा हिशेब. संध्याकाळी पिठाच्या गिरणीत बायकोलाही दोघींनी तेच विचारलं. मला हसून सोडून देता आलं असतं. पण मी शरमेने पेटलो आणि भलतंच करून बसलो.

उरणच्या रस्त्यावर पंक्चरवाल्याच्या टपरीमागे सायकल ठेवून दिली. रोज इस्त्रीची पँट घालून स्कूटरने तिथवर जायचं, मग सायकल चालवायची आणि स्कूटरनेच परत यायचं. पंक्चरवाला शेजारच्या गावचा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "सायेब, सायकल चालवाला स्कूटरनी येता? आमच्यात असा कोनी करत नाय."

त्या रस्त्यावर व्यायाम म्हणजे निव्वळ घाण होती. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रक अंगावर धूर ओकत जायचे, कडेला लोक पाठ करून बसलेले असायचे आणि मी थुंकलो की काळं पडायचं. पण ओळखीचं कोणी भेटत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी मी हे सगळं महिनाभर गिळलं.

एका सकाळी फेरी मारून टपरीच्या बाकावर टेकलो, तर पंक्चरवाला माझ्या पायाकडे बघत म्हणाला, "सायेब, रगत हाय."

बुटातून लाल ओघळ आला होता. बूट काढला तर आत खडीचा धारदार तुकडा. तळव्याला चांगलं भोक पडलं होतं. एवढी मैलोगणती सायकल मारली आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्याने धुतलेलं फडकं बांधून दिलं. दुखत नव्हतंच, म्हणून तसाच सायकलवर बसलो आणि सेक्टरमधून, सगळ्यांच्या देखत घरी आलो. स्कूटर टपरीपाशीच राहिली.

फाटकात तेच गृहस्थ भेटले. "खरंच विकली वाटतं?"

"हो, विकली," मी म्हणालो.

वडील दारातल्या खुर्चीवर बसले होते. फडक्याकडे नजर गेली, तसे म्हणाले, "आण इकडे." माझा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, फडकं सोडलं आणि जखम वाकून, अगदी जवळून पाहिली. त्यांनी तोंड फिरवलं नाही.