सगळं सरळ आहे

ठाण्याहून कल्याणला बदली झाली तेव्हा मी चार्ज किती सभ्यपणे दिला, हे आमच्या गिरणीतले लोक अजून सांगतात. तो सभ्यपणा खोटा होता. हे मी आजवर घरातसुद्धा बोललेलो नाही.

रंगखात्यात मी मुकादम होतो. ज्याला मीच काम शिकवलं, त्या माजिवड्याच्या पोरगेल्या गड्याच्या हाती खातं द्यायचं आणि आपण कल्याणच्या गोदामात गोण्या मोजत बसायचं, असा हुकूम निघाला. "कल्याणला चाललात? म्हणजे कल्याणच झालं की हो तुमचं!" खात्यातले हसले. मीही हसलो. आत मात्र आग पेटली होती.

तरी त्याला एकेक हौद दाखवला, कुठला रंग किती उकळायचा ते सांगितलं. शेवटी वाफेच्या मुख्य चाकापाशी आलो; ते एरवी अर्धं उघडंच असायचं, अडचणीच्या वेळी तेवढं बंद करायचं. जुनं मोडलं म्हणून नुकतंच मी आणि फिटरने दुसरं बसवलेलं. त्याचे आटे उलटे. डावीकडे फिरवलं की बंद, उजवीकडे फिरवलं की वाफ मोकळी. तेव्हापासून त्याला हात मीच लावत होतो, आणि फिटर शिमग्याला गावी गेलेला.

"दादा, ह्याचं काय वेगळं?"

"काही नाही रे. सगळं सरळ आहे."

मग हार झाला, नारळ झाला. मी सगळ्यांना "येतो" म्हटलं आणि निघालो.

कल्याणला गोण्यांत बसून रोज ठरवायचो, आज सुटल्यावर ठाण्याला जाऊन सांगून येऊ. गेलो नाही. मग तिकडूनच बोलावणं आलं. हौद उतू चालला म्हणून त्याने चाक बंद करायला घाईने उजवीकडे पिळलं. जितकं पिळलं तितकी वाफ वाढली. उजवा पंजा भाजून निघाला.

मॅनेजरसाहेबांपुढे तो हाताला पट्ट्या बांधून उभा होता. त्याची नोकरी माझ्या जबाबावर होती.

"चार्ज देताना चाक उलटं आहे, हे सांगितलं होतंत?"

"हो साहेब. सांगितलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल.

"सांगितलं असंल, साहेब," तो म्हणाला. "माझ्याच ध्यानात नसंल राहिलं."

त्याला काढलं. माझं गोदाम शाबूत राहिलं.

आता तो बापाच्या शेतावर असतो. विळा डाव्या हाताने धरतो. रस्त्यात गाठ पडली की अजून दादाच म्हणतो, कल्याणची हवा मानवली का विचारतो. खोटं मी बोललो हे त्याला तेव्हाच कळलं होतं. माझा मान त्याने का राखला, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

हात काही मी त्याला परत देऊ शकत नाही. पण त्याच साहेबांपुढे, त्याच्या देखत, "मी सांगितलं नव्हतं" एवढं म्हणण्याचं देणं मी त्याचं लागतो. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. मी अजून गेलेलो नाही.