साल्कीन ‘सोडा’ म्हणाली होती

साल्कीन आमच्या थिएटरात आली तेव्हा वीस वर्षांची होती. तलासकडची पोर, बिश्केकला विद्यापीठात रंगमंच-व्यवस्थापन शिकत होती. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना खरा प्रयोग खऱ्या प्रेक्षकांपुढे चालवून दाखवावा लागतो. त्यासाठी त्यांना आमच्याकडे धाडतात. मी कपडेपटात बावीस वर्षं बटणं लावतेय, अशी पोरं पुष्कळ पाहिली. पण हिच्याइतकी नेटकी एकही नाही. तालमीला उशिरा आलेल्या नायकाला ती पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझी जागा चिकटपट्टीनं आखून ठेवलीय. सापडत नसेल तर हात धरून नेते."

वरच्या माचीवरून इसाबेक बाइके, आम्हा सगळ्यांचा थोरला भाऊ, खो खो हसला. सगळ्या पडद्यांचे दोर त्याच्या हातात. चौतीस वर्षं तेच काम. "पोरी, तू तर माझ्या सासूच्या वरताण निघालीस!"

"मग जावयासारखं गुमान ऐकायचं, बाइके."

दोघांचं जमलं ते तेव्हापासून.

प्रयोगात ती विंगेत संहितेची वही उघडून बसायची आणि कानाला लावलेल्या यंत्रातून हुकूम द्यायची. आधी "तयार", मग "सोडा". विंगेतला आवाज म्हणेल तसंच करायचं, हा आमच्याकडचा कायदा.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी तिच्या मास्तरांनी, कासिमाली आगायनी, नायिकेचा निरोपाचा प्रवेश वाढवला. सासरी निघालेली मुलगी दारापासून मागे वळते, आईच्या आसनापुढे वाकते, मग जाते. त्यानंतरच डोंगराचा पडदा खाली. त्या पडद्याला तळाशी लोखंडी नळी होती.

"वहीत लिहून घे," आगाय म्हणाले.

"पाठ आहे, आगाय."

शनिवारी दुपारी थिएटर भरलेलं. मी नायिकेनं सासरी गेल्यावर घालायची बायकी पगडी घेऊन साल्कीनच्या पाठीशीच उभी होते. नायिका दारापाशी पोचली आणि साल्कीन म्हणाली, "सोडा." वर इसाबेक बाइके कठड्यावरून वाकून खाली बघत राहिला. त्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण साल्कीन चिडून पुटपुटली, "सोडा म्हटलं ना!"

त्यानं सोडला. मुलगी मागे वळलेली दिसताच त्यानं धावता दोर नुसत्या हातांनी पकडला. तळव्यांची सालटी निघाली. तरी नळी खांद्यावर बसलीच. मुलीचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत सगळे उभे. "हुकूम कुणी दिला?"

साल्कीनचा चेहरा पांढराफटक. "मी... मी ‘थांबा’ म्हणाले होते."

मागच्या हिवाळ्यात इसाबेक बाइकेच्या एका कानाला महिनाभर दडा बसला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संचालकांनी त्याला विचारलं, "तुम्हाला काय ऐकू आलं?"

तो साल्कीनकडे बघत राहिला. मग हातांच्या पट्ट्यांकडे. "थांबा म्हणाली असेल. माझ्या कानाचं काय सांगावं."

मी तिथंच होते. पगडीतल्या टाचण्या एकेक काढून पुन्हा खोचत होते. संचालकांसमोर तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

इसाबेक बाइकेला माचीवरून काढून कोट ठेवायच्या खिडकीवर बसवलं. साल्कीनला प्रयोगाचे पाचपैकी पाच गुण मिळाले. थंडीचे दिवस, रोज येता-जाता तिला तिचा कोट त्याच्याच हातात द्यावा लागे. "पाच मिळाले म्हणे? शाबास," तो एकदा म्हणाला. तो मनापासूनच म्हणाला असणार. पण ती त्या दिवसापासून बिनकोटाची यायला लागली, ओठ निळे पडेपर्यंत.

एक दिवस ती कपडेपटात येऊन इस्त्रीच्या टेबलाशी बसली. मला ती एजे म्हणायची, म्हणजे ताई. "एजे, तुम्ही ऐकलं होतंत ना?"

"मला नाही बाई आठवत," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की इस्त्रीखालचा सदरा जळाला तरी मला कळलं नाही.

वसंतात, तोंडी परीक्षेच्या दिवशी, सगळ्या वर्गापुढे तिनं खरं सांगितलं. वही पुढे ठेवली. "इथं बदल लिहायचा होता. मी लिहिला नाही. ‘सोडा’ मीच म्हणाले, तेही दोनदा." तिचे गुण गेले, वर्ष गेलं. कासिमाली आगाय एवढंच म्हणाले, "चार महिने लागले तुला."

संचालकांनी इसाबेक बाइकेला परत माचीवर बोलावलं. तो जाईना. "रोज सगळे सांगतात ऐकू येत नाही, तर मलाही तसंच वाटायला लागलंय. उद्या खरंच चुकलो तर?" मग तिथंच उभ्या असलेल्या साल्कीनकडे वळून म्हणाला, "तुला काही करायचंच असेल तर माझ्या सुनेला सांग. घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलतात."

साल्कीननं मला सोबत नेलं. सुनेनं जमिनीवर दस्तरखान अंथरून त्यावर बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, पसरले आणि सासऱ्याच्या कानाशी किंचाळली, "बाबा, चहाऽऽ!"

साल्कीननं चहाची वाटी खाली ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. सून आधी लाल झाली, मग सासऱ्याकडे वळून म्हणाली, "अगंबाई! म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं? आम्ही चार महिने तुमच्यासमोर काय काय बोललो!"

"ऐकलंय ना," तो म्हणाला. "माझ्या मेंढ्यांची लोकर मला न विचारता विकायची ठरलीय, ते पण."

कुणी हसलं नाही. साल्कीन रडत होती. त्यानं बोरसोकांची थाळी तिच्यापुढे सरकवली आणि मला विचारलं, "गुल्सुन, तू कशाला आलीस?"

"हिच्या सोबतीला."

"असं होय. मला वाटलं, तूही काही सांगायला आलीस. पगडी घेऊन उभी होतीस, मी वरून पाहिलं होतं."

मग मीही सांगितलं. सुनेकडे बघत सांगितलं, त्याच्याकडे बघवेना. सांगून झाल्यावर त्यानं चहा संपल्याची खूण म्हणून वाटी उपडी घातली आणि "आमीन" म्हणून उठला.

साल्कीननं ते वर्ष पुन्हा केलं. आता ओशच्या एका थिएटरात व्यवस्थापक आहे. इसाबेक बाइके मात्र खिडकीवरच राहिला. माझा कोट तो रोज नीट टांगतो, बिल्ला हातात देतो. मी मागच्या दारानं जाऊ शकते, कपडेपटाला ते जवळही पडतं. पण जात नाही. साल्कीन वर्गापुढे उभी राहिली होती. निदान त्या खिडकीपुढे तरी मी रोज उभं राहावं, एवढंच.