सानगडीचा तांदूळ जपानात

भात करायला शिकण्यासाठी जपानपर्यंत गेलेला सानगडीतला मी एकमेव माणूस आहे. (सानगडीत भात शिकायला कोणी शेजारच्या घरीसुद्धा जात नाही.) हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, कबुली म्हणून सांगतो आहे. या प्रकरणात मी तीन वेळा खोटं बोललो आणि त्यातलं पहिलं खोटं तर विमानाने आलं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वरठीकडच्या एका कारखान्यात फोरमन होतो. तिथे जपानी यंत्र येणार होतं. ते चालवायला शिकण्यासाठी मला आणि शहारेला दीड महिना जपानला पाठवायचं ठरलं. शहारे साकोलीचा, माझ्याच खात्यातला, आणि माझ्या प्रत्येक फजितीला वेळेवर हजर असणारा.

निघायच्या आदल्या दिवशी माझी बायको वच्छला हिने माझ्या पेटीतले दोन स्वेटर बाहेर काढले आणि त्या जागी पाच किलो तांदूळ ठेवला.

"अवं, जपानात लोक भातच खातेत!" मी म्हणालो.

"खात असतीन. पन कोनता?" ती म्हणाली. "हा दोन वर्सं धानाच्या ढोलीत मुरलेला होय. शीत शीत येगळं रायते. कोनी विचारलं त सांगजा, सानगडीचा तांदूळ होय म्हनून."

आमच्याकडे घराची इज्जत दारावरून नाही, भातावरून ठरते. नव्या धानाचा भात गिचका होतो, शितं एकमेकांना धरून बसतात. तो घरच्यांनी मुकाट्याने खायचा. पाहुणा आला की जुना तांदूळ निघतो. आणि अख्ख्या सानगडीत वच्छलाच्या जुन्या तांदळाला तोड नव्हती. हे माझं मत नाही, अनसूया आत्याचं आहे. अनसूया आत्या म्हणजे आमच्या आळीतलं भाताचं हायकोर्ट. लग्नाच्या पंगतीत ती पहिला घास चिवडून बघायची आणि तिने मान हलवेपर्यंत वाढपी श्वास रोखून उभे राहायचे.

तर हा तांदूळ जपानला पोचला. स्वेटर पोचले नाहीत. मी दीड महिना कुडकुडलो, पण ते असो.

तिथे सुट्टीच्या दिवशी आमच्या यजमानांनी आम्हा सात परदेशी शिकाऊंना एका स्वयंपाकाच्या वर्गात नेलं. सुशी नावाचा पदार्थ आपल्या हातांनी करायला शिकायचा. दोन रविवार वर्ग, दुसऱ्या रविवारी परीक्षा आणि नंबर! शिकवणाऱ्या बाई साठीच्या, उंचीने माझ्या खांद्याइतक्या, पांढऱ्या एप्रनवर एक सुरकुती नाही. दुभाषी बाईंमार्फत त्या सांगू लागल्या. समोर बांबूच्या काड्यांची वीतभर चटई. तिच्यावर समुद्रातल्या शेवाळाचा वाळवून केलेला काळा कागद. (शहारे म्हणाला, "कार्बन पेपर होय बे! खाल्ला त पोटात दोन कॉप्या निघतीन!") त्यावर आंबट भात पसरायचा, मधे काकडी किंवा कच्चा मासा ठेवायचा आणि चटईने गुंडाळी करायची. मग तिचे आठ तुकडे.

इथवर ठीक होतं. मग बाईंनी भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं.

गिचका! एकदम गिचका! बाईंनी लाकडी चमचा घातला तर अर्धा भात चमच्याबरोबर वर आला. मला हसू आवरेना.

"काहून हासून राहिला?" शहारेने कोपर मारलं.

"एवढी मोठी बाई, अन् भात पाह्य!"

दुभाषी बाईंनी विचारलं, काय झालं? मी गप्प बसायला हवं होतं. पण मी धान पिकवणाऱ्याचा पोरगा. यंत्राचं काहीही शिकवा, खाली मान घालून शिकेन. भाताचं मला कोणी शिकवायचं नाही! मी उभा राहिलो आणि सांगितलं की आमच्या गावात असा भात पाहुण्याला वाढत नाहीत. पुढच्या रविवारी मी माझ्या बायकोचा तांदूळ आणतो, मग कळेल भात कशाला म्हणतात!

भाषांतर होऊन हे बाईंपर्यंत पोचलं. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मला वाटलं, हार मानली.

पुढच्या रविवारी मी तांदूळ घेऊन गेलो. शिजवला. काय भात झाला म्हणून सांगू! एकेक शीत सुटं, लांब, ताठ. मी तो काळ्या कागदावर पसरला, काकडी ठेवली, चटई गुंडाळली, दाबली आणि उघडली.

भात निघून गेला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. गुंडाळीच्या दोन्ही तोंडांतून तो टेबलावर गेला, टेबलावरून जमिनीवर गेला. मी दुसरी गुंडाळी आणखी जोरात दाबली. काकडी सुटली ती शहारेच्या चष्म्यावर! तिसरी मी दोन्ही हातांनी, गुडघा टेबलाला लावून दाबली. तेव्हा कागद फाटला आणि उरलेला भात बाईंच्या त्या बिनसुरकुतीच्या एप्रनच्या खिशात जमा झाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खिशातला भात बशीत काढला, दोन काड्यांनी एकेक शीत उचलून शांतपणे खाल्लं, आणि काहीतरी बोलल्या. दुभाषी बाई म्हणाल्या, "तांदूळ अतिशय उत्तम आहे म्हणतात. पण याला एकटं राहायला आवडतं."

माझा नंबर सातातून सातवा. शहारे चौथा! (तो हे अजूनही कुठल्याही विषयावरच्या बोलण्यात आणतो.)

त्याच आठवड्यात वच्छलाचं पत्र आलं. शेवटी एकच ओळ होती, "माहा तांदूळ त्याइले आवडला का?" आता खरं लिहायचं म्हणजे अख्खी गुंडाळी लिहावी लागणार. मी एका दमात लिहून टाकलं, "तुझ्या तांदळाला पहिला नंबर मिळाला." पहिलं खोटं. ते विमानाने नागपूरला, तिथून एस.टी.ने साकोलीला आणि मग सायकलवर सानगडीला गेलं. पोस्टमनने ते पारावर उभं राहून मोठ्याने वाचलं.

दीड महिना संपवून मी सानगडीच्या स्टॉपवर उतरलो, तर वच्छला नवं लुगडं नेसून उभी. मागे निम्मी आळी. बायका तिच्याकडे बियाण्याचं धान मागत होत्या आणि ती "पाहू, पाहू" म्हणत होती. एवढी सरळ मान करून चालताना मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं. मला आत कुठेतरी काटा रुतला. तेव्हाच सांगायला हवं होतं! पण अनसूया आत्या पुढे आली.

"काय रे, पह्यला नंबर आनलास म्हने. आयतवारी करून दाखव आमाले."

"आत्या, तो काळा कागद लागते..."

"आनला आहे त्याइनं. पेटीत आहे," वच्छला म्हणाली. पेटी तिने तोवर उघडलीसुद्धा होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे बसून पेटीतली बांबूची चटई उलटीपालटी करत होती. "याच्यात गुंडाळते? मंग भात सुटत नाई?"

"नाई."

"म्हनजे माहा भात चिकटला?"

"हाव," मी म्हणालो. दुसरं खोटं.

ती काहीच बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं, अभिमानाने गळा दाटला असेल.

शनिवारी मी सायकल काढून साकोलीच्या बाजारात गेलो. नुकतीच कापणी झाली होती, बाजार नव्या तांदळाने भरलेला. त्यातला सगळ्यात गिचका होणारा निवडून मागितला. दुकानदाराने पन्नास वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नसावं. "घरी कोनी बिमार आहे का?" त्याने काळजीने विचारलं. घरी आल्यावर वच्छला नदीवर गेलेली पाहून मी तिच्या डब्यातला तांदूळ काढला आणि त्या जागी हा ओतला. तिसरं खोटं. हे तर तोंडाने बोलावंही लागलं नाही.

रविवारी दुपारी अंगणात आळी जमली. शहारे मुद्दाम साकोलीहून आला. मी भात शिजवला, लिंबू पिळलं, कागद पसरला, काकडी ठेवली आणि गुंडाळी केली. चटई उघडली. गुंडाळी जशीच्या तशी! आठ तुकडे केले, आठही उभे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी आहोत. साधारण अर्धं मिनिट.

अनसूया आत्याने एक तुकडा उचलला. कागद सोलून बाजूला टाकला, भातात बोट घातलं आणि दाबलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला भात लागलेला होता. तिने ते बोट सगळ्यांना दाखवलं.

"गिचका."

तुकड्यांकडे गेलेले हात मागे आले.

"वच्छले, तुहा भात गिचका? अन् हाच भात तिकडे पह्यला आला?"

एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, "बरं झालं बियानं नेलं नाई." वच्छलाने मान खाली घातली. तिने काही केलं नव्हतं! तिचा डबा, तिचं नाव, आणि भात माझा. त्या दोन दिवसांची चुप्पी मला तेव्हा कळली. तो अभिमान नव्हता, ते सुतक होतं.

मी चटई खाली टाकली आणि ओरडलो, "हा तांदूळ वच्छलाचा नाही! साकोलीच्या बाजारातला आहे. काल मीच डब्यात भरला!"

"अन् जपानचा नंबर?" आत्याने विचारलं.

"खोटा! तिकडे हिचा भात चिकटलाच नाही. तीनदा दाबला, गुडघा लावून दाबला, तरी नाही! बाईंच्या खिशात गेला, पण चिकटला नाही! सातातून सातवा आलो मी, सातवा! आणि आणखी दहा जण असते तर सतरावा आलो असतो!"

"मी चौथा," शहारे म्हणाला.

वच्छलाने मान वर केली. माझ्याकडे रोखून पाहिलं. खोटं बोललो म्हणून आता सगळ्यांदेखत सोलून काढणार, असं मला वाटलं. तिने फक्त विचारलं, "येक शीतही चिकटलं नाई?"

"एकही नाही."

"सातवाच ना? पक्का?"

"पक्का!"

ती कमरेवर हात ठेवून बायांकडे वळली. "आयकलं का? जपानले गेला, गुडघ्याखाली गेला, तरी चिकटला नाई! बियानं पायजे त उद्या यावं. आता सगळ्याइले पुरनार नाई."

अनसूया आत्याने मान हलवली. खटला निकाली निघाला.

या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. आमच्याकडे 'सातवा' हा मोठा मान आहे. लग्नघरी वच्छलाचा तांदूळ वाढताना "सातव्या नंबरचा होय" असं सांगून वाढतात. आणि पंगतीत कधी भात बिघडला, गिचका झाला, तर आचारी तिथूनच ओरडतो, "हा जपानवाल्याच्या पानात टाका!" टाकतात. मी ताठ बसून सगळ्यांसमोर शेवटच्या शितापर्यंत खातो. लोकांना वाटतं, मी शिक्षा भोगतो आहे.

आता कबुल्या सुरूच आहेत तर चौथीही देऊन टाकतो. तो भात मला फार आवडतो! घरच्या भातापेक्षा जास्त! वच्छलाने हे वाचलं तर उद्यापासून माझा स्वयंपाक मलाच करावा लागेल. हरकत नाही. चटई मी अजून जपून ठेवली आहे.