मनोहरभाऊंची पहिली प्लेट

मैत्रिणींनो, आज सकाळी मी सूड उगवला आणि खरं सांगते, मजा आली.

सावंगीतलं माझं छोटं हॉटेल तुम्हाला माहीत आहेच. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर डबे उघडण्याआधी प्रार्थना म्हणवून घ्यायच्या आणि पहिला घास डबा न आणलेल्या मुलीला द्यायला लावायच्या. तेच मी हॉटेलात चालवते. रोजची पहिली प्लेट प्रार्थना करून उपाशी माणसाला.

शेजारचे दुकानदार मनोहरभाऊ मात्र दोन वर्षं सांगत फिरले, "तिथं खाऊ नोका, प्रार्थना करून बाटवते ते बाई." माझी कितीतरी गिऱ्हाइकं तुटली.

आज शटर उघडलं तर दारात तेच. बायको दवाखान्यात, रात्रभर जागे, पोटात काही नाही.

"काऊन देता ताई त्याले? हाकला!" आमची स्वयंपाकीण शांता पुटपुटली.

मी तर्री-पोह्यांची प्लेट त्यांच्यासमोर ठेवली. "भाऊ, आधी प्रार्थना."

एरवी माझी प्रार्थना दोन वाक्यांत संपते. आज त्यांचं पूर्ण नाव घेऊन, खोटं बोलणाऱ्या जिभेचा उद्धार करत, तर्री थंड होईपर्यंत चालवली. ते हात जोडून, मान खाली घालून बसले होते. शांता तोंडाला पदर लावून हसत होती.

थंड पोहे त्यांनी निमूट संपवले. जाताना म्हणाले, "ताई, बायकोसाठीबी म्हणसान का जी थोडी?"

एवढ्या लांब प्रार्थनेत तिचं नावच आलं नव्हतं.

मी हो म्हटलं. पण त्यांना अजून माफ केलेलं नाही. अशा मनानं केलेली प्रार्थना तिला लागू पडेल का हो?