तारेवरचं घरटं

सापाता दलदलीच्या काठी एदेलमिरा राहायची. नवरा निकानोर कोळशाच्या भट्ट्या लावायचा आणि ती गावात पर्यटकांना भाड्याने देतात त्या खोल्यांच्या चादरी धुऊन द्यायची. बोलायला फटकळ, पण मनाने लोण्यासारखी. अंगणात धुण्याची एकच लांब तार, तिच्या मागे पोनासीची झुडपं. त्यांना नारिंगी फुलं आली की सुनसुनसीतो यायचे. दिसायच्या आधी ऐकू येणारे, अंगठ्याएवढे पक्षी. नवीन माणसाला वाटायचं, भुंगाच आहे.

त्या एप्रिलमध्ये चादरी वाळत घालताना तिला तारेवर, चिमट्याशेजारी, बाटलीच्या बुचाएवढी राखाडी गाठ दिसली. चिंधी समजून ती ओढणारच होती, तेवढ्यात गाठीतून सुईसारखी चोच वर आली. एदेलमिराचा हात तिथेच थांबला. पक्षीण उडाल्यावर तिने बादली उपडी घालून त्यावर चढून पाहिलं. आत कॉफीच्या बियांएवढी दोन पांढरी अंडी.

त्या दिवसापासून तारेवर साधा रुमालही चढला नाही. निकानोरने झुडपाच्या फांदीला घरटं बांधून द्यायची तयारी दाखवली, तर तिने त्याला भट्टीकडे पिटाळलं.

"आणि नर कुठाय म्हणे?" जाता जाता त्याने विचारलं.

"गेला गळ्याचा लाल रंग मिरवत. अंडी उबवायची हिनेच, पोरांना भरवायचंही हिनेच. तू कशाला विचारतोस? तुला ठाऊक असायला हवं."

पण चादरी तर रोज येत होत्या. ऊन चांगलं लागेल अशी दुसरी तार फक्त कुंपणापलीकडे, सोराइदाकडे होती. सोराइदा म्हणजे निकानोरची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी एका डुकराने एदेलमिराचा भोपळ्यांचा वाफा फस्त केला होता. डुक्कर सोराइदाचं होतं की नव्हतं, यावरून दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दोन दिवस एदेलमिराने ओल्या चादरी खुर्च्यांवर टाकून पाहिल्या, त्यांना कुबट वास मारू लागला. तिसऱ्या दिवशी ती बादली घेऊन कुंपणाशी उभी राहिली आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं.

सोराइदाने खिडकीतून तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "दोन ग्रॅमच्या पाखरासाठी तू माझ्या दारात आलीस. भाऊ आजारी पडला असता तर आली नसतीस." मग आतून चिमट्यांची टोपली आणून कुंपणावर ठेवली आणि खिडकी लावून घेतली.

तीन आठवड्यांनी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. उघडीवाघडी, काळी, माशीहून थोडीच मोठी. पक्षीण दिवसभर फुलाफुलावर हिंडायची. एदेलमिराने एकदा मोजायला घेतलं आणि दोनशे फुलांनंतर नाद सोडला. परत आली की ती लांब चोच पिल्लाच्या घशात थेट खुपसायची. ते पाहताना एदेलमिराचा स्वतःचाच हात गळ्याकडे जायचा. घरटं कोळिष्टकांनी विणलेलं, त्यामुळे पिल्लं वाढतील तसं तेही मोज्यासारखं ताणलं जात होतं. तिने घरातली जळमटं काढणं सोडून दिलं. निकानोर म्हणाला, आळसाला चांगलं कारण सापडलं.

मेच्या मध्यावर एका दुपारी वावटळ उठली आणि पाठोपाठ पाऊस. तार झोक्यासारखी हलायला लागली. निकानोर भट्टीवर होता. एदेलमिराने दोन्ही हातांनी तार घट्ट धरली, पण वाऱ्याचे सपकारे घरट्यावर येतच होते. आत पक्षीण पंख पसरून पिल्लांवर बसली होती, हलत नव्हती. तेवढ्यात कुंपण वाकवून सोराइदा आली. जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड तिने ओढून आणलं होतं. ते उलगडून ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली, गुडघा दुखत असूनही.

तासभर दोघी तशाच उभ्या. केसांतून पाणी निथळत होतं. पाऊस जरा ओसरल्यावर सोराइदा समोर न बघताच म्हणाली, "डुक्कर माझंच होतं."

"माहीत आहे. त्याच्या पाठीवरचा पांढरा पट्टा मी ओळखला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. सहा महिने ओरडत होते."

सोराइदाला हसू आवरेना, आणि मेणकापड हलायला लागलं तशी एदेलमिरा तिच्यावर खेकसली. घरटं मात्र शाबूत राहिलं.

आठवड्याभरात मोठं पिल्लू उडालं. धाकटं दीड दिवस काठावर बसून पंख फडफडवत राहिलं. दोघी समोर खुर्च्या टाकून कॉफी पीत बसल्या. त्याला नुसत्या शिव्या घालून भागेना, म्हणून सोराइदाने त्याला आपल्या भावाचंच नाव दिलं, कारण तोही असाच उशिरा उठायचा. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर ते उडालं, एका फुलाला धडकलं, सावरलं आणि झुडपात दिसेनासं झालं.

एदेलमिराने पुढे पुष्कळ वर्षं धुणी धुतली. त्याच वर्षी जूनमध्ये सोराइदाच्या गुडघ्यावर उपचार करून घ्यायला ती तिच्याबरोबर माटान्सास शहरात गेली आणि आठ दिवस राहिली. गावात म्हणत, वाटेत दोघी भांडल्या. भांडल्याही असतील.